पुसून टाकलेलं ग्रीस

नाशिकला, द्वारकेच्या चौकामागे, ट्रान्सपोर्टवाल्यांच्या ओळीत, पुंजा मिस्त्रीचा गाळा आहे. एक लेथ, एक ड्रिल, एक व्हाइस आणि भिंतीवर पाने-पकडींची अशी मांडणी, की दहाचा पाना कुणी अकराच्या खिळ्यावर टांगला तर त्या दिवशी पुंजाला जेवण गोड लागायचं नाही. अंबडच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये, एकतीस वर्षं काढून तो निवृत्त झाला. घरी बसून करायचं काय, म्हणून हा गाळा घेतला. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी एलन कीचा, म्हणजे स्क्रू फिरवायच्या षटकोनी काड्यांचा, छोटा जुडगा असतो. लग्नाला गेला तरी असतो. एकदा एका लग्नात वऱ्हाडी जेवत असताना हा मांडवातल्या कूलरचं चाक आवळत बसला होता.

आवळणं हा त्याचा जीव की प्राण. काम झालं की शेवटचा एक हिसका द्यायचा, खालचा ओठ दातांत धरायचा आणि म्हणायचं, “घ्या. आता जन्मात ढिला व्हायचा नाही.” हे खरंही होतं. एका हातगाडीवाल्याच्या चाकाचा नट त्याने असा काही आवळला, की वर्षभराने टायर बदलायची वेळ आली तेव्हा नट सुटेना आणि बिचाऱ्याला आसाचा दांडाच कापावा लागला. हातगाडीवाला तक्रार घेऊन आला होता. पुंजाने ती शाबासकी समजून घेतली आणि पुढचे सहा महिने येईल त्याला सांगितली.

गेल्या दिवाळीपासून मात्र तो हे वाक्य बोलत नाही. काम पुरं झालं की आट्यांना बोटाने ग्रीस लावतो, बेताने आवळतो आणि म्हणतो, “वर्षातून एकदा उघडून बघा.” जुन्या गिऱ्हाइकांना हे विचित्र वाटतं. एकाने तर विचारलं, “मिस्त्री, तब्येत बरी आहे ना?” पुंजाने मान हलवली आणि लेथ चालू केला. तब्येत बरी होती. बरं नव्हतं ते दुसरंच काही, आणि त्याची मुळं सायखेड्याला होती.

सायखेड्याला त्याचा थोरला भाऊ सावळीराम राहतो. पुंजाहून नऊ वर्षांनी मोठा. वडील छातीच्या दुखण्याने खचले तेव्हा सावळीरामने सातवीतून शाळा सोडली आणि औत धरलं. धाकटा हुशार, त्याचा हात यंत्रात चालतो, म्हणून त्याला नाशिकला आयटीआयला घातलं. पुंजा सातपूरला खोली घेऊन राहायचा. सावळीराम रोज पहाटे उठून, वहिनीने बांधलेला भाकरीचा डबा घेऊन स्टँडवर यायचा आणि पहिल्या एसटीत ड्रायव्हरजवळ ठेवायचा. दोन वर्षांत एकही दिवस डबा चुकला नाही. पावसात रस्ता खचला त्या दिवशीही डबा आला, फक्त दुपारी आला.

पुंजाने याची परतफेड कशी केली, हे विचारू नये. तो वाईट माणूस नव्हता, नुसता ‘येतो येतो’ म्हणणारा होता. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा त्याला ओव्हरटाइम होता. आई गेली तेव्हा तो पोचला, पण सगळं आटोपल्यावर. गावच्या घराला पत्रे घालायचे ठरले तेव्हा म्हणाला, “दादा, वेल्डिंग मी करणार, दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नको.” सावळीराम दोन महिने थांबला. मग मृग तोंडावर आला आणि त्याने चांदोरीचा माणूस बोलावला. एवढं होऊन सावळीरामच्या तोंडून तक्रारीचा शब्द निघाला नाही. तक्रार ऐकू येत नाही म्हणजे तक्रार नाहीच, असं पुंजाने धरून टाकलं. असं धरून टाकणं फार सोयीचं असतं.

सात वर्षांपूर्वी सोयाबीनच्या मळणीत सावळीरामचा डावा पाय गेला. भारा तोंडाशी अडकला, तो पायाने आत लोटायला गेला, आणि मळणी यंत्र काही भारा आणि पाय यांत फरक करत नाही. गुडघ्याखालचा पाय काढावा लागला. जखम भरल्यावर नाशिकच्या एका केंद्रात त्याला कृत्रिम पाय बसवून मिळाला. वर पाय बसायला वाटी, मधे ॲल्युमिनियमची नळी, खाली रबराचं पाऊल. नळी आणि पाऊल जिथे जोडलेलं असतं तिथे, घोट्याच्या जरा वर, ॲल्युमिनियमचा एक सांधा आणि त्यात चार बाजूंनी चार ग्रब स्क्रू. ग्रब स्क्रू म्हणजे डोकं नसलेला स्क्रू. भोकात पूर्ण बुडतो, वरून फक्त एलन की घालायची खाच दिसते. एक सैल करून समोरचा आवळला की पाऊल केसभर कलतं. त्या चार बारीक स्क्रूंवर माणसाची अख्खी चाल अवलंबून.

सावळीरामला त्या पायाकडून एकच हवं होतं. नदीकाठच्या रानात आपल्या पायाने जाऊन पाणी भरायचं. पाणी भरण्याच्या बाबतीत तो महा संशयी. कुणी येऊन सांगितलं, ‘पाणी शेवटच्या वाफ्याला पोचलं,’ तर त्याचा विश्वास बसायचा नाही. स्वतः पार टोकापर्यंत जाणार, चिखलात बोटं खुपसणार आणि मगच मोटर बंद करणार. पोटच्या पोराचा शब्दही त्याने या बाबतीत कधी घेतला नाही. पाय गेल्यावर चार महिने तो खाटेवर होता. तेव्हा त्याला जखमेपेक्षा हे जास्त छळत होतं, की शेवटचे वाफे कोण बघतंय.

नवा पाय आला आणि तो पुन्हा पाण्यात उभा राहू लागला. केंद्राने सांगितलं होतं, पाय फार भिजवू नका आणि दर सहा महिन्यांनी दाखवायला आणा. यातली पहिली गोष्ट सावळीरामने ऐकल्यासारखी केली आणि सोडून दिली, दुसरी तो पुढे ढकलत राहिला. कांद्याला युरिया, पोटॅश फेकायचं आणि त्यावर पाणी सोडायचं, त्या खताच्या पाण्यात हा दोन-दोन तास उभा. वर्षभराने पाऊल डुगडुगायला लागलं. एक दिवस बांधावरून उतरताना ते फिरलं आणि सावळीराम पाटात पडला.

वहिनीचा, कुसाबाईचा, फोन आला तेव्हा पुंजा गाळ्यात होता. त्या दिवशी त्याने ‘येतो येतो’ म्हटलं नाही. मोटारसायकल काढली आणि निघाला. उजव्या हाताला एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या चिमण्या मागे पडल्या तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की भावाने न बोलावता आपण गावाकडे निघालोय, हे पहिल्यांदाच घडतंय.

ओट्यावर बसून त्याने पाय मांडीवर घेतला. एलन की लावली, चारही स्क्रू काढले. भोकांत राखाडी रंगाचं चिकट ग्रीस भरलेलं होतं.

“हे बघ!” पुंजा म्हणाला. “आट्यांत तेलकट भरलंय. स्क्रू धरणार कसा? ढिला नाही होणार तर काय होणार!”

“केंद्रातल्या म्याडम म्हनल्या व्हत्या,” सावळीराम दबकत बोलला, “ते तसंच राहू द्या म्हनून.”

“मॅडमचं वय काय, दादा? मी एकतीस वर्षं हेच केलं.”

सावळीराम भिंतीला टेकून भावाचे हात बघत होता.

पुंजाने काडीला चिंधी गुंडाळली, थिनरमध्ये बुडवली आणि चारही भोकं पुसून पुसून कोरडी ठाक केली. केंद्राचे लेप दिलेले स्क्रू त्याने पिशवीत टाकले आणि स्वतःजवळचे, काळे, कडक पोलादाचे स्क्रू बसवले. एलन कीवर पाइपचा तुकडा चढवला, म्हणजे जोर दुप्पट लागतो. चारही स्क्रू आवळले. ओठ दातांत धरून शेवटचा हिसका दिला.

“घे. आता जन्मात ढिला व्हायचा नाही.”

सावळीराम उठला, अंगणात चालला, वळला, परत आला. पाऊल तसूभर हललं नाही. मग तो एवढ्या मोठ्याने हसला की गोठ्यातली गाय बिचकली. कुसाबाईने शिरा केला. पुढे कित्येक दिवस गावात जो भेटेल त्याला सावळीराम धोतर वर करून तो सांधा दाखवायचा. “माझ्या भावानं बसवलाय. टूलरूमचा मानूस हाय.”

पुंजाला धातू आणि गंज यांचं काही माहीत नव्हतं असं नाही, कुणीही मिस्त्री जाणतो तेवढं तो जाणत होता. पण एकतीस वर्षं तो तेलात वाढला. टूलरूममध्ये प्रत्येक वस्तूवर तेल, कूलंट, ग्रीस. तिथे पोलादाचा स्क्रू ॲल्युमिनियममध्ये घातला आणि दहा वर्षांनी काढला तरी लोण्यातून सुरी काढावी तसा निघायचा. धातू पाण्यात उभा करून त्याने कधी बघितलाच नव्हता. त्याच्या लेखी स्क्रू धरून ठेवण्यासाठी होता. केंद्रात बसणाऱ्या त्या मुलीच्या लेखी स्क्रू फिरवण्यासाठी होता. हा फरक त्याला कुणी सांगितला असता तरी त्याने ऐकला नसता, ही त्यातली खरी वाईट गोष्ट.

त्यानंतर पुंजाचं पुन्हा पहिल्यासारखं झालं. गाळा जोरात होता. वडिलांच्या पित्राला दरवर्षी जायचा, तेही सलग दोन वर्षं चुकलं. फोन मात्र करायचा.

“पाय कसा आहे, दादा?”

“पाय? पाय पोलादी हाय. तू बसवलाय ना.”

ऐकून पुंजाला बरं वाटायचं आणि तो फोन ठेवायचा.

गेल्या भाद्रपदात मात्र तो पित्राला गेला. मोटारसायकल लावून वळतो तो समोर गोठ्याकडून सावळीराम येताना दिसला. हातात काठी. उजव्या गुडघ्याला पट्टा बांधलेला. प्रत्येक पावलाला अंग एका बाजूला झुकत होतं, आणि कृत्रिम पायातला बूट बाहेरच्या अंगाने पार कापडापर्यंत झिजला होता. पुंजा मिस्त्री होता. झीज बघून यंत्र कुठे वाकडं चाललंय हे सांगणं हे त्याचं कामच. त्याला बूट बघूनच कळलं.

“दादा, पाऊल तिरकं पडतंय.”

“वय झालं आता,” सावळीराम म्हणाला आणि हसला.

पुंजाने त्याला ओट्यावर बसवलं, पाय काढून घेतला आणि खिशातली एलन की काढली. स्क्रूभोवती पांढरी भुकटी साचलेली होती, चुन्यासारखी. त्याने नखाने खरवडली तर ती आतूनही आलेली. की खाचेत घातली, फिरवली. स्क्रू हलला नाही. जोर लावला. की खाचेत सटकली आणि खाचेचे कोपरे गोल झाले. दुसरा स्क्रू तसाच. तिसरा, चौथा. स्क्रू आणि ॲल्युमिनियम एकजीव होऊन बसले होते.

“किती दिवस असं चाललंय?” त्याने विचारलं.

सावळीराम गाईकडे बघत राहिला. उत्तर कुसाबाईने दिलं. हातात पित्राच्या खिरीचं भांडं घेऊन ती दारात उभी होती.

“दोन वरसं झाली, भाऊजी. पाय वाळला तसा वाटीत येगळाच बसाया लागला. पाऊल बाहेर पडायचं. समदा भार या उजव्या पायावर. आता डॉक्टर म्हनतो, गुडघ्याची गादी संपली, हाडावर हाड घासतंय. आपरेशन करायचं तर यांच्या काळजाचं दुखनं, भूल सोसायची नाय.”

“मग केंद्रात का नाही गेलात? सहा महिन्यांनी जायचं असतं ना?”

“गेले व्हते की. दोनदा गेले.”

“तू खीर बघ,” सावळीराम एकदम तिच्यावर ओरडला. तो कधी ओरडत नसे. कुसाबाई आत गेली.

दुसऱ्या दिवशी तो पाय पिशवीत घालून केंद्रात गेला. पाय बसवणारी आरोही मॅडम तिशीच्या आत-बाहेरची, हातावर प्लास्टरचे डाग, केस घट्ट बांधलेले. तिने पाय बघताक्षणी ओळखला.

“सायखेड्याचे आजोबा ना? या पायाने मला फार त्रास दिलाय, काका.”

तिने समजावून सांगितलं, शाळेतल्या मुलाला सांगावं तसं सावकाश. पोलाद आणि ॲल्युमिनियम एकमेकांना चिकटून ओल्यात राहिले की दोघांत ॲल्युमिनियम कमजोर ठरतं आणि तेच झिजायला लागतं. खताचं, मिठाचं पाणी असलं तर फार भराभर. त्याची ही पांढरी भुकटी होते, ती आट्यांमध्ये फुगून बसते आणि स्क्रू गच्च धरते. बाहेरून सांधा मजबूत दिसतो, आतून खाल्लेला असतो.

“म्हणून आम्ही मधे ते राखाडी ग्रीस भरतो,” ती म्हणाली. “दोन धातूंच्या मधे पाणी जाऊ नये म्हणून. आणि दर सहा महिन्यांनी स्क्रू सोडवून, पुसून, परत ग्रीस लावतो. पायही तेव्हाच सरळ करून देतो. पहिल्यांदा डुगडुगला तेव्हा इथे आणला असता तर पाच मिनिटांचं काम होतं.”

“मग ग्रीस गेलं कुठे?” पुंजाने विचारलं. त्याला माहीत होतं. तरी त्याने विचारलं.

“आजोबांनीच पुसलं. मी रागावले होते त्यांच्यावर. म्हणाले, मला घाण वाटली, मी पुसलं. स्क्रूही म्हणे बाजारातून आणून स्वतःच बसवले.” तिने मान हलवली. “मी म्हटलं, जाऊ द्या, सांधा कापून काढते, नवा घालते. दहा मिनिटं लागतील. तर हात धरला माझा. ‘कापायचा नाय,’ म्हणाले. का, ते सांगितलं नाही. दुसऱ्यांदा आले तेव्हाही तेच. चालतंय, राहू द्या. तुम्ही कोण त्यांचे?”

“भाऊ,” पुंजा म्हणाला.

“मग तुम्ही तरी समजवायचं, काका.”

इथे पुंजाने सांगायला हवं होतं. ‘बाई, ते मी पुसलं. तुझं ऐकू नको असं मीच त्याला सांगितलं.’ शब्द ओठापर्यंत आलेही. पण समोर पोरीच्या वयाची बाई, भिंतीवर नीट टांगलेल्या एलन की, एकही चुकीच्या खिळ्यावर नाही, आणि खिशात त्याचा स्वतःचा जुडगा. तो म्हणाला, “कापा.” एवढंच. एकतीस वर्षांत त्याला आपल्या कसबाची लाज कधी वाटली नव्हती. त्या दिवशी त्याने खिशातला जुडगा काढून पँटच्या खिशात खाली दडवला.

आरोही मॅडमने करवतीने सांधा कापला. आत ॲल्युमिनियम भाजलेल्या पिठाच्या गोळ्यासारखं भुसभुशीत झालेलं होतं आणि त्यात पुंजाचे चार काळे स्क्रू ताठ रुतून बसले होते. जन्मात ढिले झाले नसते. तिने तो तुकडा कचऱ्यात टाकायला उचलला तेव्हा पुंजाने हात पुढे केला आणि मागून घेतला. नवा सांधा घालून झाल्यावर तिने ग्रीसची छोटी ट्यूब त्याच्या हातात दिली. कसं लावायचं ते दाखवलं. त्याने नवशिक्यासारखं बघितलं आणि मान डोलावली.

पाय घेऊन लगेच सायखेड्याला जाणं मात्र त्याला जमलं नाही. नवी वाटी घ्यावी लागली, मापं झाली. सावळीरामला दोनदा गाडीने आणलं-नेलं. पाऊल शेवटचं सरळ करून मिळालं तोवर दिवाळी होऊन गेली होती. रांगड्या, म्हणजे पावसाळ्याअखेर लावलेल्या, कांद्याला पाणी द्यायचे दिवस होते. पुंजा सकाळीच सायखेड्याला पोचला, नवा पाय घेऊन.

सावळीरामने पाय चढवला, पट्टे ओढले आणि उभा राहिला. पाऊल जमिनीवर सपाट टेकलं. दोन वर्षांत पहिल्यांदा तो सरळ उभा दिसत होता, खांदे एका रेषेत. कुसाबाई हात जोडून तुळशीकडे बघायला लागली. सावळीराम चालला. एक, दोन, पाच, सात पावलं. अंगणाच्या मध्यावर उजवा गुडघा मुडपला आणि तो पडता पडता पुंजाने त्याला कमरेत धरलं.

“पाऊल लय झ्याक बसलंय,” धापा टाकत सावळीराम म्हणाला. “आता हा दुसराच नाय म्हनतो.”

त्याला ओट्यावर बसवलं. रानाकडून मोटरचा आवाज येत होता. पोरगा मोटर चालू करून मार्केटला गेला होता आणि पाणी पाटात आलं असणार, हे सावळीरामला बसल्या जागी कळत होतं. त्याची मान पुन्हा पुन्हा तिकडे वळायची.

पुंजाने खिशातून तो कापलेला तुकडा काढला आणि दोघांच्या मधे ओट्यावर ठेवला.

“दादा, ग्रीस मी पुसलं. मॅडमला तू सांगितलं, तू पुसलं म्हणून. तिने ते मला सांगितलं, आणि मी तिथे गप्प बसलो.”

“मंग बोलायचं तरी काय व्हतं?”

“तुझा हा गुडघा माझ्यामुळे गेला. तू तेव्हाच का नाही कापू दिलं? दहा मिनिटांचं काम होतं, दादा! मला शिव्या द्यायच्या, फोन करायचा, काहीही करायचं. कापू का नाही दिलं?”

सावळीरामने तुकडा उचलला. बोटाने त्या चार स्क्रूंवरून हात फिरवला. पांढरी भुकटी त्याच्या बोटाला लागली.

“चाळीस वरसांत,” तो सावकाश म्हणाला, “तू माझ्यासाठी आपल्या हातानं केलेली ही येवढी एकच वस्तू व्हती, पुंजा. ती मी कापू कशी द्यायची?”

त्याच्या आवाजात राग असता तर पुंजाला ते सोसलं असतं. राग नव्हता. टोमणा नव्हता. डबा एसटीत ठेवला, असं सांगावं तसं त्याने सांगितलं. पुंजाला पत्र्यांचं वेल्डिंग आठवलं, वडिलांच्या उशाची रिकामी खुर्ची आठवली, प्रत्येक फोनच्या शेवटी म्हटलेलं ‘येतो रे’ आठवलं. तो तोंडावर हात धरून रडला. बासष्ट वर्षांचा माणूस, ओट्यावर, भर दिवसा. कुसाबाईने दाराआडून बघितलं आणि ती मागच्या मागे फिरली.

“पुरे,” सावळीराम म्हणाला. “पानी चालू हाय. वाफे फुटतील. जा, दारं मोड.”

“मी?”

“मंग कोन? मी जानार हाय का आता?”

पुंजाने पँट गुडघ्यापर्यंत वर केली, खांद्यावर फावडं टाकलं आणि रानात गेला. लहानपणी कधीतरी हे केलेलं. पाण्याला वाट कुठून द्यायची, वाफ्याच्या तोंडाचं दारं कधी बुजवायचं, यात त्याचा दोनदा गोंधळ झाला. एका वाफ्याची कड फुटली, ती चिखलाने थापली. खताचा वास नाकात भरत होता. इथेच, याच पाण्यात, तो सांधा पाच वर्षं उभा होता. तासाभराने बांधावर उभं राहून त्याने बघितलं. पाणी टोकाच्या दिशेने चमकत चाललेलं दिसत होतं. झालं की, असं म्हणून त्याने मोटर बंद केली आणि घराकडे वळला.

सावळीराम ओट्यावर तसाच बसला होता. नवा पाय सरळ समोर केलेला.

“पोचलं का शेवटच्या वाफ्याला?”

“पोचलं.”

पुंजा थांबला. आता दादा विचारणार, जाऊन पाहिलं का, बोटं घालून पाहिलं का. आयुष्यभर त्याने प्रत्येकाला हेच विचारलं होतं.

“बरं,” सावळीराम म्हणाला. “तू म्हनतो तर पोचलंच असंल.” आणि त्याने भिंतीला डोकं टेकलं.

पुंजाने फावडं पुन्हा खांद्यावर घेतलं आणि तो माघारी फिरला. पाटाच्या कडेने, एकेक वाफा मागे टाकत, तो रानाच्या पार टोकाला गेला, खाली वाकला आणि मातीत बोटं खुपसली.

शेवटचा वाफा कोरडा होता.